आपा थोडक्यात हरल्या

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी ही वही करायला सांगितली आहे. रोज एक डाव खेळायचा आणि लिहून ठेवायचं: कोण जिंकलं, आपा काय विसरल्या, लक्ष किती वेळ टिकलं. मी सांभाळायचे ते गावातलं ग्रंथालय बंद पडलं तेव्हापासून मी काही लिहिलेलं नाही. हात जड झालाय. असो.

आपा म्हणजे माझ्या सासूबाई. काल त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. जानेवारीत त्यांना झटका आला, तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. आता तोंड सरळ आहे, हातही चालतो. डोकं किती चालतं ते बघायचंय.

त्याच जानेवारीत हे वारले. रशियात कामावर होते. झोपले ते उठलेच नाहीत. विमानाने आणलं, अंगणात रिवाजाप्रमाणे लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला, टेकडीवर पुरलं. आपा तेव्हा दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला तर ह्याही जातील. म्हणून त्यांना सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही. थोरल्या दिरांनी ठरवलंय की आपांचं डोकं ठिकाणावर आलं, डॉक्टरांनी हो म्हटलं, की वडीलधाऱ्यांना बोलवायचं आणि रीतीप्रमाणे सांगायचं. मग ते आपांना शहरात, बिश्केकला आपल्याकडे नेणार आणि हे घर बंद करणार. माझं काय, ते कोणी बोललं नाही. पण माझ्या भावाने माहेरहून, तलासहून फोन करून सांगितलं की मागची खोली रिकामी केली आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मी इथे अडकून राहावं असं काही नाही.

तोपर्यंत ह्या घरात हे रशियात कामावर आहेत. सगळ्या गावाला तसं बजावून ठेवलंय. मी काळा रुमाल काढून पेटीच्या तळाशी ठेवला आणि फुलाफुलांचा बांधला. बांधताना काही वाटलं नाही. मला हल्ली काहीच वाटत नाही. तंबूत मला बसवलं होतं तेव्हाही बायका गळा काढून रडत होत्या आणि मी छताच्या काठ्या बघत होते. बायका बोलल्या असतील. बोलू देत.

१८ मार्च

दवाखान्यातून निघताना जे झालं ते काल लिहायचं राहिलं.

डॉक्टरीणबाई शहरातल्या, रशियन, वयाने लहान. आमची भाषा शिकून आलेल्या. कागदावरून एकेक प्रश्न विचारत होत्या. महिना कोणता, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा. आपा इतक्या भराभर खाली उतरल्या की बाईंना कागदावर बोट ठेवायला सवड मिळेना. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

आपा जमिनीकडे बघत बसल्या.

"नवऱ्याच्या भावांची नावं आठवतात?"

आपा गप्प.

"सासऱ्यांचं?"

त्यावरही गप्प. बाईंनी कागदावर खुणा केल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जरा मदत करा. ह्यांच्या यजमानांचं नाव काय होतं?"

आपांचे यजमान म्हणजे माझे सासरे. मीही जमिनीकडे बघत बसले. दोघी जणी फरशीची एकच भेग बघत होतो.

सासरच्या माणसांची नावं आम्ही तोंडाने घेत नाही, एवढं एका वाक्यात सांगता आलं असतं. थोरले दीर बाहेर गाडीपाशी सिगरेट ओढत होते, त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही. बाईंनी दिरांना आत बोलावून सांगितलं, "जवळच्या माणसांची नावं गेली आहेत. चांगली खूण नाही ही. इतक्यात काही सांगू नका. डोक्याला चालना द्या. कोडी, पत्ते, काहीही." दीर म्हणाले, आई तरुणपणी नऊ खड्यांच्या खेळात अख्ख्या तालुक्याला पाणी पाजायची. बाई खूश झाल्या. मग तोच खेळा म्हणाल्या.

मी का बोलले नाही ते इथे लिहून ठेवते, कारण हे पान मी बाईंना दाखवणार नाही. आपांना कळत नाही तोवर एका माणसाच्या लेखी हे जिवंत आहेत. ते तेवढं तरी असू दे, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, विचार आला.

२० मार्च

पाट काढला. सासऱ्यांनी अक्रोडाच्या लाकडात कोरलेला आहे. माझ्या बाजूला नऊ खळ्या, आपांच्या बाजूला नऊ, प्रत्येकीत नऊ खडे, आणि मध्ये दोघींच्या दोन लांब कढया, जिंकलेले खडे टाकायला. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात आपांनीच मला शिकवलं होतं. तेव्हापासून आजतागायत मी एकदाही जिंकले नव्हते.

आज जिंकले. दोन खड्यांनी.

आपा विसरल्या: समोरच्याच्या खळीत शेवटचा खडा पडून तीन झाले की ती खळी डाव संपेपर्यंत आपली होते, हा नियम. माझ्या चौथ्या खळीत तीन झाले. आपांनी खड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुझी चाल." लक्ष: शेवटपर्यंत.

२२ मार्च

काल नवं वर्ष. शेजारच्या रापियाने गव्हाच्या कोंबांची खीर आणून दिली. पलीकडच्या घरात गाणी लावली होती. आपांनी खिडकी लावून घेतली. आवाजाचा त्रास होत असावा, डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

डाव झाला. मी जिंकले, चार खड्यांनी.

५ एप्रिल

बर्फ गेलं. अंगणात जिथे तंबू होता तिथे गवत आलेलं नाही. बाकी सगळीकडे हिरवी लव, आणि मधे एक मोठं फिकट वर्तुळ. मला ते आज दिसलं तेव्हा आपा काठी टेकत गोठ्याकडे निघाल्या होत्या. म्हटलं, आता विचारतील, इथे काय होतं. माझं उत्तर तयार होतं की दिरांनी लाकडं रचली होती.

त्यांनी विचारलं नाही. वर्तुळाच्या कडेकडेने चालत गेल्या आणि तशाच कडेने परत आल्या. मधून गेल्या असत्या तर जवळ पडलं असतं. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना सरळ चालता येत नाही असं दिसतं. लिहून ठेवते.

१२ एप्रिल

मी दुपारी आडवी होते. झोप लागत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडते. आज आपांनी काठीने पलंगाला ठोकलं. "ऊठ. माझं डोकं गंजतंय."

"आपा, सकाळी तर खेळलो."

"खेळलो? मला नाही आठवत."

म्हणून पुन्हा खेळलो. तो डाव संपवून मी पुन्हा आडवी झाले तर तासाभराने पुन्हा ठोकलं. एका दिवसात तीन डाव झाले. तिन्ही मीच जिंकले, तिन्ही थोडक्यात. आपा विसरल्या: आधीचे दोन्ही डाव.

१८ एप्रिल

गुरुवार. गेलेल्यांसाठी तेल तापवून वास उठवायचा, रोट्या तळायच्या, हे आपा दर गुरुवारी न चुकता करायला लावतात. वार विसरत नाहीत. आजारपणाआधी त्या महिन्यातून एखाद्या वेळी करायच्या, आता एकही गुरुवार जाऊ देत नाहीत. आज मी दोन-चार तळून थांबले तर म्हणाल्या, "आणखी कर. हात आखडू नकोस."

मग हात वर करून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. शेवटी मोठ्याने म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना पोचो. तरण्यांनाही पोचो."

तरणे कोण, ते मी विचारलं नाही. लढाईत गेलेले त्यांचे काका असतील.

९ मे

मी आपांसाठी खोटं तयार करून ठेवलं होतं. एक नाही, बरीच. तिकडे रेंज नसते. मालक सुट्टी देत नाही. फोन पाण्यात पडला. नवा नंबर मिळाला की कळवतील. एवढी तयारी मी ग्रंथालयाच्या तपासणीचीही केली नव्हती. आणि त्यातलं एकही वापरावं लागलेलं नाही, कारण आपा विचारतच नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून "मेदेरचा फोन आला का" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. पूर्वी दिवसातून दोनदा निघायचं.

पोटचा पोरगा विसरल्या. मला ह्याचा राग यायला हवा. मी भांडी घासताना तो येतो का ते बघितलं. नाही आला.

१६ मे

रापिया दही घेऊन आली. आपांची जुनी मैत्रीण, तोंडाने फटकळ. आम्ही पाटावर होतो. दारातूनच म्हणाली, "काय म्हणतोय डाव? कोण पुढे, म्हातारी की दगड?"

दगड म्हणजे मी. तंबूत न रडल्यापासून ती मला असंच म्हणते. तिच्या मनात काही नसतं.

"दगड पुढे," आपा म्हणाल्या. "दगडाला कमी लेखू नकोस."

"दगडाला जेवायला घालता की नाही? गालफडं बघा."

"घालते. गिळत नाही."

दोघी माझ्याबद्दल असं बोलत होत्या, जसं गाईबद्दल बोलतात. रापिया शेवटपर्यंत बसून राहिली. मी दोन खड्यांनी जिंकले. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले तर तिने माझा हात धरला.

"बुरुल, मी ह्या बाईशी उभा जन्म खेळले. हरवायची ती अशी, की घरी जाऊन नवऱ्याशी भांडावंसं वाटायचं. एवढं मोजूनमापून हरायला ही कधी शिकली?"

"आजारपण आहे, रापिया."

"आजारपण," ती म्हणाली. "बरं बाई. तू म्हणतेस तर आजारपण."

ती असं तिरकस का बोलते, मला कळत नाही.

८ जून

थोरले दीर आले. आपांसाठी मोठ्या पडद्याचा फोन आणला, त्यात म्हाताऱ्या माणसांच्या बुद्धीसाठी खेळ भरून दिले आहेत. रंगीत फळं जुळवायची, चित्राचे तुकडे जोडायचे. जमलं की आतली बाई म्हणते, शाब्बास. आपांनी एकदा जुळवलं. बाई म्हणाली, शाब्बास. दुसऱ्यांदा जुळवलं. शाब्बास.

"ओर्मोन," आपा म्हणाल्या, "ह्या पोरीला सांग, मला शाब्बास म्हणू नकोस. माझ्या नातीच्या वयाची आहे."

"अगं आई, मशीन आहे ते."

"मग तर मुळीच नको."

दीर हसले. मग अंगणात गाडीपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "मेदेरचं काही विचारते?"

"नाही, बायके." थोरल्या दिरांना आम्ही बायके, म्हणजे दादा, म्हणतो.

"एकदाही नाही?"

"नाही."

"म्हणजे गेला तो तिच्या डोक्यातूनही," म्हणाले, आणि गाडीच्या दाराला टेकून रडले. त्यांना रडता येतं. मी उभी राहिले, मग त्यांना पाणी आणून दिलं. जाताना म्हणाले, शरदापर्यंत काहीतरी ठरवावंच लागेल, वर्षाच्या आत सांगायला पाहिजे, वर्षाचं जेवण आईला न सांगता कसं घालणार. आणि हिवाळ्याआधी तिला शहरात न्यायचंच.

मी हो म्हटलं. शरद म्हणजे अजून बराच वेळ आहे.

२७ जून

डाव. मी, दोन खड्यांनी. आपा विसरल्या: तोच, तिसऱ्या खड्याचा नियम. गंमत म्हणजे बाकीचे सगळे नियम त्यांना आठवतात, माझी चूक झाली तर माझा हात धरतात. हाच एक आठवत नाही. माझ्या खळ्या माझ्याकडेच राहतात.

४ जुलै

गावातली माणसं मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेली. रस्ता रिकामा. आमच्या दोन गाई रापियाचा मुलगा घेऊन गेला. दर वर्षी हे परत यायचे ते ह्याच सुमाराला, गवत कापायला. ह्या वर्षी गवत मीच कापलं, थोडं. विळा बोथट होता. धार लावायची असते हे मला माहीत आहे, पण लावली नाही. बोथट विळ्यानेच कापत राहिले आणि संध्याकाळी आपांनी माझे तळवे बघितले.

लोणी लावलं. मग म्हणाल्या, "फोड आलेत. दुखतंय?"

"नाही."

"दुखायला पाहिजे," म्हणाल्या आणि पाट मांडला.

१९ जुलै

आज एक झालं. मी खेळताना साधारणपणे कुठलीही खळी उचलते, जिथे हात पडेल ती. आज सातव्या खळीवर हात होता आणि मला दिसलं की ती उचलली तर शेवटचा खडा आपांच्या दुसऱ्या खळीत पडेल आणि तिथे तीन होतील. आधी दिसलं, मग मोजलं. बरोबर होतं. उचलली. खळी माझी झाली. त्यानंतर आपांचे खडे फिरताना दर वेळी एक माझ्यासाठी तिथे पडायचा.

"हं," आपा म्हणाल्या.

हे इथे का लिहितेय माहीत नाही, बाईंना आपांबद्दल हवंय. पण रात्रीच्या जेवणाला मी दुसरी रोटी घेतली.

२ ऑगस्ट

मी हल्ली अंथरुणावर पडल्या पडल्या चाली मोजते. आपा कुठून उचलतील, मी कुठून. झोप लागते.

एक शंका येते ती लिहून ठेवते. मी आता बरी खेळते, सगळं बघून खेळते, तरी दोनच खड्यांनी जिंकते. मार्चमध्ये डोळे मिटून खेळायचे तेव्हाही दोनच खड्यांनी. ह्याचा अर्थ आपांचं डोकं माझ्याबरोबर सुधारत चाललंय. म्हणजे दिवस जवळ येतोय.

मला ते नको आहे. आणि मला असं वाटतं ह्याची लाजही वाटते. ह्या दोन गोष्टी आज वाटल्या, हे मात्र खरं.

२३ ऑगस्ट

लिहावं की नाही. लिहिते.

सकाळी डाव मांडला. पहिल्याच फेरीत आपांनी माझी चौथी खळी घेतली. तीन झाले, त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही माझी." मी बघतच राहिले. पाच महिने विसरलेला नियम. मग त्या थांबल्याच नाहीत. शेवटच्या खड्याने समोरच्याच्या खळीत सम आकडा झाला की ते खडे आपले; माझ्या अशा खळ्या त्या एकामागून एक उचलत गेल्या. हात तोच, झटका आलेला, पण खडे असे पडत होते की आवाजावरून मोजावेत. आणि तोंडाची टकळी चालू.

"ही काय चाल? पाच महिने काय गवत खाल्लंस?"

मी गप्प.

"एवढी पुस्तकं सांभाळलीस, त्यातलं एक तरी उघडायचं. माझ्या पोराने दगड आणला घरात."

मी गप्प.

"बघ, ही पण गेली. तुझ्या हातात काही राहतच नाही गं."

मी पाट उलटवला. दोन्ही हातांनी. खडे खोलीभर गेले, चुलीखाली, पलंगाखाली. आणि मी ओरडले. "तुम्हाला काय कळतंय! काय कळतंय तुम्हाला!" आणखीही ओरडले, काय ते आठवत नाही. सासूसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, ह्या घरात आल्यापासून एकदाही नाही. वाटलं, काठी बसणार.

आपा गुडघ्यांवर बसल्या आणि खडे गोळा करायला लागल्या. ओच्यात टाकत म्हणाल्या, "चला. आवाज आहे अजून."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? विसरल्या असाव्यात.

२६ ऑगस्ट

तीन दिवस टाळलं. पण बघायला गेलं तर चित्र स्पष्ट आहे. आपांनी अख्खा डाव मनात धरला, विसरलेला नियम आठवला, मला धुऊन काढलं. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा धडधाकट आहे. हे लपवून ठेवायचं तर मी फक्त माझ्यासाठी लपवीन.

थोरल्या दिरांना फोन केला. "बायके, आपा जिंकल्या," मी म्हणाले. ते म्हणाले, डॉक्टरीणबाईंशी बोलतो.

त्यावर मी दार लावून घेतलं आणि पेटीतून काळा रुमाल काढून उन्हात घातला. दमट वास येत होता. मग आठवलं की आपा बघतील, म्हणून आत आणला.

५ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. येत्या रविवारी सकाळी सगळे येतील. दीर म्हणाले, त्यांच्याकडची खोली रंगवून झाली आहे. माझ्या भावालाही त्यांनीच कळवलंय. सगळी व्यवस्था झाली.

आपांशी आजही खेळले. आपा जिंकल्या. आता रोज त्याच जिंकतात, आणि मी चिडते. बोलून दाखवत नाही, पण चिडते.

९ सप्टेंबर

कालचा दिवस.

उजाडताच माणसं आली. दीर आणि जाऊबाई, गावातले चार-पाच वडीलधारे, रापिया आणि तीन बायका. पुरुष एका रांगेत बसले. सगळ्यांत वयस्कर इशेनाली बाबा मध्ये. आपा भिंतीपाशी गादीवर ताठ बसल्या होत्या. इतकी माणसं एकदम का आली, ते त्यांनी विचारलं नाही. मी किटली घेऊन दाराजवळ होते, एकेकाला चहा देत होते. बायका आपांच्या दोन्ही बाजूंना सरकून बसल्या, पडल्या तर धरायला. एकीच्या हातात पाण्याचा वाडगा होता, दुसरीच्या हातात गोळ्या.

इशेनाली बाबांनी घसा साफ केला. मरण आम्ही सरळ सांगत नाही, वळणाने सांगतो. ते म्हणाले, "ताई, वरच्या कुरणावरून घोड्यांचा कळप उतरत होता. वाटेत नदी लागली. पाणी मोठं होतं. म्हातारे घोडे पार झाले, शिंगरं पार झाली. एक भरात आलेला घोडा होता, कळपाचा लाडका..."

"इशेनाली, थांब," आपा म्हणाल्या. "तो घोडा कुठला, मला माहीत आहे."

बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"दवाखान्यात पडले होते आणि पोराचा फोन नाही. आईला झटका आला आणि मेदेर फोन करणार नाही? मला तिथेच कळलं. भिंतीकडे तोंड करून रडले. रोज रडले. डॉक्टर म्हणायचे, औषधाने डोळ्यांतून पाणी येतं. माझं रडून झालंय."

दीर पुढे सरकले. "आई, मग बोलली का नाहीस? आम्ही इतके महिने..."

"बोलले असते तर काय केलं असतंत? हेच. म्हातारीला धरा, म्हातारीला पाणी द्या. आणि ही?" त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही काय करतेय बघ. चहा देतेय. मी घरी आले त्या दिवशी हिच्याकडे पाहिलं आणि समजले. तुम्ही सगळे मला सांगायचं की नाही ह्याचा खल करत होतात. हिला कोणी सांगितलंच नव्हतं. हिच्यासमोर शवपेटी उतरवलीत, हिला तंबूत बसवलंत, फुलांचा रुमाल बांधायला लावलात. पण समोर बसून हिला कोणी सांगितलं? तू सांगितलंस, ओर्मोन?"

दीर खाली बघत होते.

"हिचे हात लाकडासारखे झाले होते. खड्यांवर बसवली की बोटं तरी हलायची. म्हणून बसवत राहिले. जिंकले असते तर तुम्ही धावत आला असतात, म्हणून हरत राहिले. दोन खड्यांनी हरणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. जिंकणं सोपं आहे."

रापिया तोंडावर रुमालाचं टोक धरून रडत होती.

"बुरुल," आपा म्हणाल्या, "किटली ठेव. इकडे ये. बस."

मी ठेवली आणि गेले. त्यांनी मला आपल्या गादीवर बसवलं. पाण्याचा वाडगा घेतलेल्या बाईला सांगितलं, हिच्या बाजूला ये. गोळ्यावालीलाही सांगितलं. मग माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि इशेनाली बाबांकडे वळल्या.

"आता सांग. हिला सांग. नीट सांग, घोड्यापासून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाने असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज मघापेक्षा हळू होता. "सूनबाई," ते म्हणाले, "वरच्या कुरणावरून घोड्यांचा कळप उतरत होता. वाटेत नदी लागली..."

मी ऐकत होते. मला पुढचं सगळं माहीत होतं. शवपेटी मी पाहिली होती, टेकडीवरची माती पाहिली होती. तरी प्रत्येक शब्दाला मला वाटत होतं, आता घोडा पाण्याबाहेर येईल. बाबा म्हणाले, "तो पलीकडे पोचला, सूनबाई, पण अलीकडे परत आला नाही," आणि खोलीत कोणीतरी मोठ्याने किंचाळलं. आपांनी माझं डोकं छातीशी धरलं तेव्हा कळलं की ती मी होते.

किती वेळ रडले, सांगता येणार नाही. बायका माझ्याबरोबर रडत होत्या, आणि ह्या खेपेला मी छताकडे बघत नव्हते. काळा रुमाल रापियाने आणून बांधला.

दुपारी दीर दबकत म्हणाले, "आई, मग शहरात कधी निघायचं?"

"हिने आजपासून रडायला सुरुवात केलीय," आपा म्हणाल्या. "हिचं वर्ष होऊ दे. मग ही सांगेल ती कुठे जाते, आणि त्यावरून मी बघेन मी कुठे जाते. खोली रंगवलीस ना? राहू दे तशी."

माणसं गेल्यावर मी झोपले. आपांनी मला उठवलं नाही. आज सकाळी डोळे सुजलेत, घसा बसलाय, भूक लागली आहे. सगळं दुखतंय, हातांपासून पाठीपर्यंत.

हे जानेवारीत गेले. मला काल कळलं.